चिकाची वेळ

वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी झुंजायला त्याच्या रक्तात जवळजवळ काहीच नसतं. माणसाच्या बाळाला आईकडून थोडं संरक्षण पोटात असतानाच मिळतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेतून ते पलीकडे जात नाही. ते सगळं चिकात उतरतं. आणि चिकातलं हे बळ आतड्यातून थेट रक्तात जायची वाट थोडेच तास उघडी असते. पहिल्या तास-दोन तासांत ती पुरती उघडी असते, मग तासागणिक मिटत जाते आणि दिवसभरात बंद होते. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी त्याने पोट भरतं, रक्ताला बळ मिळत नाही. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा आणि त्यातला निम्मा तरी पहिल्या काही तासांत. वासरू तीस किलोचं असेल तर तीन लिटर.

आमची पहिली गाय व्याली तेव्हा आलेल्या डॉक्टरांनी हे हात धुता धुता सांगितलं. त्यांच्यासाठी ती रोजची माहिती होती. माझ्या मनातून मात्र ती अजून गेलेली नाही. पुण्याहून फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्यावरच्या सासऱ्यांच्या जमिनीवर आम्ही राहायला आलो, तेव्हा जनावरांवर माया करायची तयारी घरातल्या प्रत्येकाची होती. मुलांची तर फारच. त्या मायेलाही वेळ असते आणि ती वेळ जनावराचं शरीर ठरवतं, हे मला त्या पहाटे कळायला लागलं. आधीच्या आयुष्यात माझं प्रेम बरंचसं माझ्या सवडीने चालायचं. इथे सवड हा शब्दच मागे पडला.

सासूबाईंना हे सगळं शास्त्राशिवाय ठाऊक होतं. गाय व्याल्याचं वस्तीवर कळलं की खरवसासाठी कुणाचं तरी पोर भांडं घेऊन येतंच. खरवस वाटणं हा आनंदाचा भाग आहे आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. पण त्यांचा नेम असा, की पहिल्या दोन धारा वासराच्या. पोराला त्या सांगायच्या, "उद्या सांजच्याला ये, आज तिच्या लेकराचं आहे." पहिला चीक सगळ्यात दाट, त्याचाच खरवस सगळ्यात घट्ट होतो, हे त्यांना ठाऊक होतंच. तरीही त्या चिकाच्या भांड्याला हात लावू द्यायच्या नाहीत.

धार काढण्याचंही तसंच आहे. कास धुतली, सडांना हात लागला, वासरू समोर आलं, की गाय पान्हा सोडते. तो पान्हा पाच-सात मिनिटं टिकतो. त्या वेळात धार काढून संपवायची. मध्ये फोन वाजला, कुणी हाक मारली, तरी हात थांबवायचा नाही. थांबला तर उरलेलं दूध कासेतच राहतं. धार संपल्यावर सडाचं तोंड मिटायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली तर उघड्या तोंडातून जंतू आत शिरतात आणि कास दगडासारखी होते. गावात त्या आजाराला दगडीच म्हणतात. म्हणून गव्हाणीत ताजी वैरण टाकायची ती धार काढून झाल्यावर. गाय खात उभी राहते आणि तो अर्धा तास निघून जातो. एवढ्या साध्या क्रमाने केवढं दुखणं टळतं, याचं मला आजही नवल वाटतं. औषध नाही, खर्च नाही, फक्त कोणतं काम कशाच्या पुढे आणि कशाच्या मागे.

दुपारी मात्र गोठ्यात काहीच करायचं नसतं आणि मला तीच वेळ सगळ्यात आवडते. आमचा गोठा मुक्त आहे. गाई दाव्याला नाहीत, पाणी दिवसभर हौदात असतं, वाटेल तेव्हा प्यावं. उन्हाळ्यात फलटणचा पारा चाळिशी ओलांडतो आणि थंड मुलखातून आलेल्या होल्स्टिनच्या रक्ताच्या गाईला ते सोसत नाही. एकेक गाय तेव्हा साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते. मग शेवग्याखाली बसून सगळ्या रवंथ करत असतात. गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते. दुपारी गोठ्यात गेल्यावर किती तोंडं हलतायत ते पाहायचं, बस्स. एखादीचं तोंड थांबलेलं असेल, कान गार असतील, ती इतरांपासून जरा बाजूला उभी असेल, तर दुखणं अजून बाहेर दिसायचं असतं पण सुरू झालेलं असतं. कळपात राहणारं जनावर दुखणं लपवतं, कारण रानात दुबळा दिसला तो आधी धरला जातो. म्हणून त्याने सांगायची वाट पाहून चालत नाही. थोरल्या मुलीने हे फार लवकर उचललं. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकून ती आधी गोठ्यात चक्कर मारते आणि मला नावं घेऊन सांगते. "गौरीने पेंड शिल्लक ठेवलीय," एवढंच. त्यावरून डॉक्टरांना फोन करायचा की नाही, ते ठरतं.

वेळेचा सगळ्यात बारीक हिशेब माजाचा. गाय सरासरी एकवीस दिवसांनी माजावर येते आणि दुसऱ्या गाईला अंगावर चढू देईल असा खरा माज टिकतो बारा ते अठरा तास. तोही बहुतेकदा रात्री किंवा पहाटे. काचेसारखा स्वच्छ सोट, वारंवार मूत, घटलेलं दूध, हंबरणं, ही लक्षणं ज्याच्या डोळ्यांसमोर घडली त्याचीच. काही गाईंचा माज मुका असतो; सोट सोडला तर बाकी काहीच दिसत नाही. सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तो हुकला तर पुढचे एकवीस दिवस गाय तेवढीच वैरण खाते आणि वेत तेवढंच लांबतं. दुधावर घर चालवणाऱ्या माणसासाठी ती फार मोठी रक्कम असते.

फोन केला की रेतन करणारा मुलगा मोटारसायकलवर येतो. मागे द्रवरूप नायट्रोजनचं भांडं, त्यात उणे १९६ अंशांत ठेवलेल्या वीर्याच्या कांड्या. हवी ती कांडी काढतो, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो आणि मग मात्र त्याला बोलायलाही सवड नसते. मला त्या भांड्याकडे पाहताना मणिभाई देसाईंची आठवण येते. गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराच्या कामासाठी ठेवलेला हा माणूस. त्याने १९६७ साली तिथेच बाएफ ही संस्था उभी केली आणि रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारात नेली. ही दाराची गोष्ट मला फार मोठी वाटते. माज आलेल्या गाईला दोरी धरून आठ-दहा किलोमीटरवरच्या दवाखान्यात चालवत न्यायचं, तर त्यातच अर्धी वेळ जाते. बाराच तास असतात तेव्हा सेवा घराजवळ असणं हीच खरी सेवा.

शेळ्यांचं घड्याळ आणखी वेगळं. आमच्याकडे उस्मानाबादी आहेत, काळ्याभोर, बहुधा जुळी देणाऱ्या. शेळी पाच महिन्यांत विते. त्यामुळे घरात सतत कुणीतरी गाभण, कुणी ओली, कुणाची करडं उड्या मारणारी. पावसाळ्याआधी त्यांना आंत्रविषाराची लस द्यावी लागते. हा रोग करणारे जंतू आधीपासूनच आतड्यात असतात, निवांत. पहिल्या पावसानंतर कोवळं लुसलुशीत गवत उगवतं, शेळ्या त्यावर तुटून पडतात आणि त्या खाण्याच्या बदलाने जंतू एकाएकी माजतात. संध्याकाळी धडधाकट असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. उपचाराला वेळच मिळत नाही. म्हणून लस मे महिन्यात, जमीन भाजत असताना, गवताची एक काडी नसताना द्यायची. पहिल्यांदा देत असलो तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. आभाळात ढग नसताना पावसाची तयारी करणं शेतकऱ्याला नवं नाही. पेरणीसाठी तो तेच करतो. करडांसाठीही तेच करायचं, एवढंच आम्हाला शिकायचं होतं.

दिवाळीनंतर या बाजूने धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात. आमच्या रिकाम्या रानात एक वाडा मुक्कामाला थांबतो. मेंढरं रात्री वावरात बसतात, लेंडी-मूत जमिनीला मिळतं, आम्ही त्यांना धान्य आणि पैसे देतो. त्या वाड्यातली एक म्हातारी पाणी भरायला आली, तेव्हा आमची एक शेळी दिवस भरत आलेली होती. तिने जवळ जाऊन शेपटीच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून पाहिली आणि म्हणाली, "आज रातच्याला येतीय ही. झोपू नगंस पोरी." विण्याआधी तिथले बंध सैल पडतात आणि खड्डे पडल्यासारखे लागतात, हे नंतर मीही बोटांनी ओळखायला शिकले. त्या रात्री शेळीला तीन झाली. तिसरं उभं राहत नव्हतं. म्हातारीने कंदील ठेवून त्याला पोत्याने चोळलं, चीक काढून बोटाने तोंडात सोडला, आणि पहाटे तिचा वाडा हलला. माझ्या लेकीला तिच्याशी बोलायचं होतं, तिचे हात पुन्हा पाहायचे होते. पण मेंढरांना पुढच्या चाऱ्यावर पोचायचं होतं आणि उजाडल्यावर चालायला उशीर होतो.

फलटणलाच निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ साली बी. व्ही. निंबकरांनी सुरू केलेली. सुंदरबनातल्या गरोल नावाच्या लहानखुऱ्या मेंढीत जुळी-तिळी देणारा एक जनुक आहे. तो संस्थेने संकरातून दख्खनी मेंढीत आणला आणि जुळी देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण माळावरच्या धनगराच्या मिळकतीचा विचार त्यात आहे. पण त्या रात्रीनंतर मला त्याची दुसरी बाजूही दिसते. सड दोनच असतात. पिल्लं वाढली की कुणीतरी जागं राहणारंही वाढावं लागतं. जनुकाने एक कोकरू जास्त दिलं तरी ते जगवायचं काम रात्री कंदील धरणाऱ्या हातांचंच राहतं, आणि ते हात बहुतेकदा बाईचे असतात.

२०२२ साली लम्पी आला. ऑगस्टमध्ये राज्यात त्या साथीतली पहिली जनावरं सापडली आणि बघता बघता जिल्हे भरले, बाजार बंद झाले. माश्या, डास, गोचिडांमधून पसरणारा हा रोग. अंगभर गाठी, ताप, पाय सुजलेले, डोळ्यांतून पाणी. लम्पीची वेगळी लस तेव्हा हाताशी नव्हती, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होते. सरकारी डॉक्टर आणि त्यांच्या हाताखालची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत वस्त्यांवर फिरली. त्यांचं ऋण या भागातला कुणी विसरू नये. आमच्या सगळ्या गाई लस घेऊन तरल्या. लस चार महिन्यांपुढच्या जनावरांना देत होते आणि आमच्या कालवडीला दोन महिनेही पुरे झाले नव्हते. आम्ही कडुलिंबाचा धूर केला, तिला मच्छरदाणीत ठेवलं, नवऱ्याने रात्री तिच्याजवळ अंथरूण टाकलं. ती गेली. धाकट्याने विचारलं, आपण सगळं वेळेत केलं होतं ना? केलं होतं. त्याला मी तेवढंच उत्तर दिलं, कारण ते खरं होतं आणि त्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. वेळेत केलेल्या गोष्टीही कधी पुरत नाहीत, हे इतक्या लहान वयात त्याला कळलं याचं मला दुःख आहे. पण त्याने ते गोठ्यात, आम्हा सगळ्यांच्या सोबत पाहिलं, हे बरं झालं असंही वाटतं.

विक्रीची वेळ ही सगळ्यात अवघड. बोकड विकायचे असतात, हे मुलांपासून आम्ही कधी लपवलं नाही. उस्मानाबादी बोकडाला चांगला भाव मिळतो तो बकरी ईदला. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो. गिऱ्हाईक ओठ उचलून दात बघतं. दुधाचे दोन पडून पक्के दोन आले की तो दोन दाती, आणि त्याचीच मागणी. ईदची तारीख चंद्रावर चालते, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. बोकडाचं वय आणि आईचे पाच महिने मागे मोजत गेलं, की कोणत्या महिन्यात शेळ्या फळवायच्या ते ठरतं. म्हणजे त्याचा शेवट ठरवूनच त्याचा जन्म ठरतो. हे वाक्य लिहिताना मला जड जातं. मांस खाणाऱ्या आणि दूध पिणाऱ्या प्रत्येक घराच्या मागे हा हिशेब कुणीतरी मांडलेला असतो. आम्ही तो आता स्वतः मांडतो, एवढाच फरक.

आमच्याकडून दर वर्षी बोकड नेणारे एक चाचा आहेत. ते नगावर भाव करत नाहीत, काट्यावर जिवंत वजन करून किलोच्या दराने नेतात. पहिल्या वर्षी लेक बोकडाच्या गळ्यात हात घालून उभी राहिली, तेव्हा ते घाई न करता बाजेवर बसून राहिले. "बेटा, तू याला काय खाऊ घालतेस ते मला सांग. तेच मी घालेन," म्हणाले. तिने सांगितलं: शेवरी, सुबाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा, संध्याकाळी मूठभर मका. त्यांनी ते मनात धरून ठेवलं. ईद दोन आठवड्यांवर होती आणि त्या दोन आठवड्यांत त्यांनी तिला बोकडाची खबर कळवली. तिने रडणं थांबवलं नाही, पण पुढच्या वर्षी दोर तिनेच त्यांच्या हातात दिला. या दोघांमध्ये जो व्यवहार झाला त्याला मी व्यवहारच म्हणेन, आणि तो शब्द मला आता हलका वाटत नाही.

बोकडाचा शेवट निदान ठरलेला असतो. गोऱ्ह्याचं तसं नाही, आणि सध्या आमच्या घरात बोलणं चाललंय ते त्याचंच. दुधाच्या गाईला कालवड झाली की पेढे, गोऱ्हा झाला की शांतता. रोज तीन-चार लिटर दूध पिणारं ते तोंड डेअरीच्या पावतीवर कुठेच दिसत नाही. नांगर ट्रॅक्टरने ओढला जातो. २०१५ साली राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे बाजारात भाकड जनावराला गिऱ्हाईक राहिलं नाही. मग कितीतरी गोठ्यांत गोऱ्ह्याचं दूध हळूहळू तोडतात आणि तो खंगत जातो. कुणी रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून येतं. असं करणाऱ्यांना मी क्रूर म्हणणार नाही; दुधाचा दर लिटरमागे चार रुपये पडला की घरात काय होतं ते मी पाहिलंय. पण गोठ्यातल्या सगळ्यात अशक्त जिवावर अख्ख्या व्यवस्थेचा भार यावा, हे मला मान्य नाही. गाईला वासरू झाल्याखेरीज दूध नाही आणि वासरांतली निम्मी नर असतात. दूध पिणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा मनात नीट पाहावं, असं मला वाटतं.

आता कालवडच व्हावी अशी निवडलेली वीर्याची कांडी मिळते. दहात साधारण नऊ वेळा कालवड होते. ती महाग आहे आणि गाय उलटण्याची शक्यता थोडी जास्त असते, तरी आम्ही तीच वापरायचं ठरवलंय. आधी झालेला गोऱ्हा मात्र आमच्याकडेच आहे. त्याला चीक, दूध, जंताचं औषध, सगळं कालवडीच्या बरोबरीने मिळालं. शेजारचे तात्या ऊसगाडी चालवतात. कारखान्याच्या रस्त्यावर आता संकरित बैलही जुंपलेले दिसतात. खिलाराची चाल त्यांच्यात नाही, ऊन लागतं, पण ओझं ओढतात. तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खुरं उचलून पाहिली आणि म्हणाले, "दोन वर्षं सांभाळा वहिनी. पण एकटा काय कामाचा? जोडीला याच उंचीचा पाहिजे."

बारामतीकडच्या एका गोठ्यात तसा एक असल्याचं रेतन करणाऱ्या मुलाने सांगितलंय. दूध तोडलंय, पोट खपाटीला गेलंय, पण पाय सरळ आहेत. नवरा रविवारी टेम्पो घेऊन जाणार आहे. फोनवर त्या घरची माणसं म्हणाली, पैशाचं काही नाही, फुकट न्या. सासूबाई म्हणाल्या, फुकट आणायचा नाही; दावं हातात घेशील तेव्हा त्यांच्या हातावर काहीतरी ठेव, आणि निघायच्या आधी त्याला तिथेच पोटभर पाणी पाज.